मागे पडलेल्यानं वाट द्यावी. कुठं द्यायची ते त्यानंच ठरवावं

दिग्रसकडच्या एका पोराचा प्रश्न आहे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, गर्दीत वाढलेला, आता कोइम्बतूरच्या करी सर्किटवर नवख्यांच्या वर्गात उतरायच्या तयारीत आहे. त्याचं म्हणणं असं: "काका, एन्ट्री त्यानंबी भरली अन् मीबी भरली. मंग तो एक फेरी पुढं हाय म्हणून मी बाजूले काऊन व्हावं? आपल्या पटात तं कोणी कोणाले वाट देत नाही."

मी दारव्हा तालुक्यात ट्रॅक्टर-जीपचं गॅरेज चालवतो आणि शर्यतींच्या मोसमात दक्षिणेतल्या सर्किटांवर मार्शल म्हणून झेंड्याच्या पोस्टवर उभा राहतो. म्हणजे हे उत्तर स्टिअरिंग धरणाऱ्याचं नाही, त्याला निळा झेंडा दाखवणाऱ्याचं आहे. वाट द्यायची, यात माझ्या मनात शंका नाही. पण ती कशी आणि कुठं द्यायची यावरच सगळं अवलंबून आहे, आणि तिथं नवे ड्रायव्हरच काय, विश्वविजेतेही फसलेत.

पटाचं आधी निपटून टाकू. तळेगाव दशासरचा पट घे की गावोगावचा, जोडी धावते ती घड्याळाशी. सरळ पट्टी, एका टोकाला सुटायचं, दुसऱ्या टोकाला घड्याळ थांबायचं. कोणती जोडी किती सेकंदांत आली त्यावर नंबर. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यापासून पट पुन्हा भरू लागले आणि पोरांना वेगाचं वेड परत लागलं, चांगलंच झालं. पण तिथं मागून फिरून कोणी येतच नाही, तर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, वाट कोणाला देणार? सर्किट वळून स्वतःलाच मिळतं. समज, पहिल्याची फेरी ७० सेकंदांची आणि तुझी ७५ ची. तुझ्या १४ फेऱ्या होतात तेव्हा त्याच्या १५ झालेल्या असतात. तो तुझ्या मागच्या बंपरला येऊन टेकतो, पण तो तुझ्यापुढं शर्यतीत कधीच गेलेला असतो. त्याला अडवून तुझा नंबर वर सरकत नाही. सरकतो तो त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्याचा, आणि त्या दोघांच्या भांडणात तू पंच नाहीस.

निळ्या झेंड्याचं कारण एवढंच आहे. शर्यत चालू असताना हलवलेला निळा झेंडा म्हणजे तुला एका फेरीनं मागं टाकणारी गाडी आली आहे, पहिल्या योग्य संधीला तिला जाऊ दे. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या संहितेत हेच लिहिलंय आणि आपल्याकडं एफएमएससीआय या भारतातल्या संस्थेच्या परवान्यावर धावणाऱ्यांनाही तेच शिकवतात. सरावात आणि पात्रता फेरीत तोच झेंडा 'मागून जास्त वेगाची गाडी येतेय' एवढंच सांगतो. पिटमधून, म्हणजे टायर बदलायला गाडी थांबते त्या जागेतून, बाहेर पडताना दिसला तर ट्रॅकवरून गाड्या येत आहेत असं समजायचं.

आता 'पहिली योग्य संधी' म्हणजे काय? सगळे तंटे इथं उभे राहतात.

फॉर्म्युला वनमध्ये अंतर सेकंदात मोजतात. अलीकडच्या वर्षांत मागची गाडी ३ सेकंदांवर आली की पुढच्याच्या टीमला सूचना जाते, ती रेडिओवरून ड्रायव्हरला सांगतात, १.२ सेकंदांवर आली की निळे दिवे लागतात. आता हे सेकंद मीटरमध्ये करून बघ. ताशी ३०० किलोमीटरला १.२ सेकंद म्हणजे १०० मीटर. ताशी ८० च्या वळणात तेच १.२ सेकंद म्हणजे २७ मीटर. सरळ पट्टीवर तुला वाटतं 'अजून लांब आहे', आणि पुढच्या ब्रेकिंगला तो आरसा भरून उभा असतो. आरसाही केवढासा! फॉर्म्युला वननं २०२३ साली आरशांची रुंदी १५० मिलिमीटरवरून २०० केली, तीही ड्रायव्हरला मागचं नीट दिसत नाही म्हणूनच. तुझ्या वर्गात ना दिवे असतील ना टीमचा रेडिओ. माझ्यासारखा एखादा माणूस उन्हात उभा राहून कापड हलवेल, तेवढ्यावर तुला समजून घ्यावं लागेल.

पोस्टवर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उभे असतो. पिवळा झेंडा धरणारा गाड्या जातात तिकडं बघतो, पुढं अपघात झाला का ते पाहायला. निळा धरणारा गाड्या येतात तिकडं बघतो. निळ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिले चार-पाच नंबर कोणत्या गाड्यांचे, कोण पिटमध्ये जाऊन आलं, कोण कोणापेक्षा एक फेरी मागं, हे सगळं डोक्यात फिरत ठेवावं लागतं. मागून वेगात येणारी गाडी दिसली की झेंडा काढला असं चालत नाही. ती कदाचित त्याच फेरीतली असेल, सुरुवातीलाच घसरून मागं पडलेली असेल आणि आता नंबर परत मिळवायला आली असेल. तिला निळा दाखवला तर पुढचा ड्रायव्हर त्याची कमावलेली जागा उगाच सोडून देईल. म्हणून शंका असेल तर चांगला मार्शल हात खाली ठेवतो. तू झेंडा पाहशील तेव्हा बहुतेक वेळा तो विचार करूनच काढलेला असतो, एवढं धरून चाल.

हे सगळं पाळूनही वाट देणं किती धोक्याचं होऊ शकतं, ते बेल्जियममधल्या स्पा सर्किटच्या दोन शर्यतींवरून दिसतं. १९९८ ला पाऊस कोसळत होता. मायकल शूमाखर मोठ्या फरकानं पुढं होता आणि एक फेरी मागं असलेला डेव्हिड कुल्टहार्ड त्याच्यासमोर आला. कुल्टहार्डनं अडवलं नाही, उलट वाट द्यायचाच प्रयत्न केला. पण त्यानं रेसिंग लाइनवरच, म्हणजे सगळे ज्या वाटेनं वेगात जातात तिथंच, राहून वेग कमी केला. पाण्याच्या फवाऱ्यात शूमाखरला ते दिसलंच नाही, तो थेट मागून धडकला. पुढचं चाक तुटलं, तीन चाकांवर गाडी पिटमध्ये आणली आणि उतरून हा गडी कुल्टहार्डच्या मॅक्लारेन टीमच्या गॅरेजात भांडायला निघाला. शर्यत डेमन हिलनं जिंकली; जॉर्डन टीमचा तो पहिला विजय. कुल्टहार्डनं काही वर्षांनी मान्य केलं की तशा फवाऱ्यात लाइनवर वेग सोडायला नको होता. हेतू चांगला होता, जागा चुकली.

दोन वर्षांनी, २००० साली, तेच सर्किट. शूमाखर पुढं, मिका हाकिनेन त्याच्या शेपटाला, आणि सरळ पट्टीवर समोर रिकार्डो झोंटाची एक फेरी मागची गाडी. शूमाखर एका बाजूनं गेला, हाकिनेन दुसऱ्या बाजूनं, झोंटा मध्ये. ब्रेकिंगला हाकिनेन पुढं निघाला आणि शर्यतही त्यानंच जिंकली. लोक आजही हाकिनेनचं धाडस आठवतात. मला झोंटा आठवतो. त्यानं काय केलं? काहीच नाही. सरळ चालत राहिला. डावीउजवीकडं वीतभर सरकला असता तर तिघंही कुंपणात गेले असते. वाट देण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर कापसाच्या दिवसांत यवतमाळच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीमागं अडकून बघ. जाणता ट्रॅक्टरवाला एका चालीनं आपल्या बाजूनं चालत राहतो, सरळ रस्ता आला की हात दाखवतो, आणि तू निघून जातोस. नवखा मात्र हॉर्न ऐकून दचकतो, वळणावरच कच्च्यात उतरतो, ट्रॉली हेलकावते, आणि मागचा जागीच ब्रेक मारतो. पहिल्यानं वाट दिली. दुसऱ्यानं गोंधळ घातला.

सर्किटवरही कच्चं असतं. लाइनच्या बाहेर टायरच्या रबराचे कण साचतात, मार्बल्स म्हणतात त्यांना. त्यावर गेलास की चाकं घसरतात आणि पुढची एकदोन वळणं टायर साफ होईपर्यंत गाडी ऐकत नाही. पाऊस ओसरत असेल तर कोरडी वाट एक गाडी जाईल एवढीच असते. ती सोडलीस की ओल्यात. २०१२ च्या मलेशिया ग्रां प्रीत आपल्या नारायण कार्तिकेयनचं हेच झालं. ओसरत्या पावसाचा ट्रॅक, चौथ्या नंबरवरचा सेबास्टियन व्हेट्टल त्याला ओलांडत होता, बाजू घेताना व्हेट्टलचं मागचं टायर कार्तिकेयनच्या पुढच्या पंखाला लागून फाटलं. व्हेट्टल अकराव्या नंबरला फेकला गेला, एक गुणही मिळाला नाही, आणि नंतर तो कार्तिकेयनबद्दल वाट्टेल ते बोलला. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, २० सेकंदांची शिक्षा कार्तिकेयनलाच दिली. शिक्षा नियमाप्रमाणं असेल, पण मी ते पुन्हापुन्हा पाहिलंय आणि मला पटत नाही. ओलांडून झाल्यावर इतक्या लवकर लाइनवर परत यायची घाई व्हेट्टलची होती. ज्याच्याकडं जास्त वेग आहे त्याच्याकडंच जास्त पर्याय असतात.

त्याच वर्षी अमेरिकेत ऑस्टिनला पुन्हा हेच दोघं. व्हेट्टल पुढं, लुईस हॅमिल्टन मागं, आणि एकामागोमाग एक वळणांच्या नागमोडी भागात समोर कार्तिकेयनची एचआरटी टीमची गाडी. त्या भागात बाजूला व्हायला जागाच नाही. व्हेट्टलचा वेळ गेला, हॅमिल्टन जवळ आला आणि पुढच्या लांब पट्टीवर निघून गेला. शर्यतही त्यानंच जिंकली. व्हेट्टल चिडला. पण कार्तिकेयननं तिथं करायचं तरी काय होतं? नागमोडीत मध्येच थांबला असता तर १९९८ चं स्पा झालं असतं.

म्हणून पहिल्या योग्य संधीचा अर्थ मी असा सांगतो: झेंडा दिसल्यानंतरची पहिली जागा, जिथं तू सरळ चालला आहेस आणि ब्रेक मारत नाहीस. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर थोडा उशिरा दाब, तेवढ्यात तो बाजूला येतो. हातानं बाजू दाखवता आली तर दाखव, आणि दाखवलेली बाजू बदलू नकोस. ब्रेकिंगच्या जागेत लाइन बदलायची नाही, म्हणजे नाहीच. तो गेला की लगेच त्याच्या मागच्या हवेत शीर, पट्टीवर थोडा वेग परत मिळतो. वळणात मात्र त्या हवेत गाडीची पकड कमी होते, हे ध्यानात ठेव. असं केलंस तर एका ओलांडण्यात फारसं जात नाही. घाबरून कच्च्यात उतरलास तर त्याच्या कितीतरी पट जातं.

आणि तुझं काही जातं, हे मान्य करायला पुढचे लोक तयार नसतात. म्हणून थोडं मागच्यांच्या बाजूनंही बोलतो. टीव्ही पहिल्या तिघांना दाखवतो, पण तेराव्या-चौदाव्या नंबरची लढाई खरीच असते. २०१६ ला फॉर्म्युला वनमध्ये ११ टीम होत्या आणि मोठी बक्षिसाची रक्कम पहिल्या दहांना. मॅनरकडं एक गुण होता, सौबरकडं शून्य. ब्राझीलच्या पावसात सौबरचा फेलिपे नास्र नववा आला, दोन गुण मिळाले, सौबर दहाव्या जागी गेली. जानेवारी २०१७ मध्ये मॅनर बंद पडली. म्हणजे मागच्या रांगेतल्या दोन गुणांवर एका टीमच्या सगळ्या माणसांची नोकरी अडकलेली होती. अशा लढाईत असलेल्या ड्रायव्हरला पुढचे तिघं एकामागोमाग ओलांडायला आले तर तो प्रत्येकासाठी वेग सोडतो, आणि त्याच्या मागचा खरा स्पर्धक आयता त्याच्या अंगावर येतो. फॉर्म्युला वनचा निळा झेंडा इथं मला जरा जास्तच कडक वाटतो. झेंडा असावा, पण अशा जोडीला एखादं वळण जास्त द्यायला हरकत नसावी. अर्थात मर्यादा आहे. २०१८ ला सिंगापूरमध्ये रोमां ग्रोजां आणि सर्गेई सिरोट्किन आपापसात इतके गुंतले की मागं पहिल्या नंबरवरचा हॅमिल्टन आलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मॅक्स व्हेर्स्टापेन त्याला जवळजवळ गाठून बसला. ग्रोजांला ५ सेकंदांची शिक्षा झाली, ती योग्यच होती.

पुढच्याची घाईही कमी नसते. १९८८ मध्ये मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. उरलेली एक मोन्झाची. दोन फेऱ्या राहिल्या असताना मॅक्लारेनचा आयर्टन सेना पहिल्या शिकेनला, म्हणजे वेग तोडायला केलेल्या उलटसुलट वळणांना, जाँ-लुई श्लेसरला ओलांडायला गेला. श्लेसर आजारी नायजेल मॅन्सेलच्या जागी आलेला बदली ड्रायव्हर. तो ब्रेकिंगला चाकं अडकून बाहेर वाहवला आणि गाडी सावरून आत आला, तोवर सेनानं वळण घेतलं होतं. दोघं धडकले आणि फेरारीचे दोघं पहिले-दुसरे आले, एन्झो फेरारींच्या निधनाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. दोष श्लेसरवर टाकणारे पुष्कळ आहेत. पण समोरचा बदली आहे, चाकं अडकवून वाहवला आहे, हे सेनाला दिसत होतं. एक वळण थांबला असता तर काय बिघडलं असतं? मागून फेरारीचा गेर्हार्ड बर्गर जवळ येत होता, म्हणून थांबवलं नाही. मागच्याकडून शिस्तीची अपेक्षा धरणाऱ्यानं स्वतःही एक वळण थांबायची तयारी ठेवावी.

तू विचारलेलं नाहीस, पण पुढं विचारशील: मागं पडलेला अचानक वेगवान झाला तर? नवे टायर घातले की होतो. मग तो पुढच्याला ओलांडून आपली एक फेरी परत मिळवू शकतो का? शकतो. नियमानं मनाई नाही. पण भांडून नाही. २०१८ ला ब्राझीलमध्ये एक फेरी मागं असलेल्या एस्तेबान ओकोंनं नव्या टायरांवर पहिल्या नंबरच्या व्हेर्स्टापेनच्या बाजूला गाडी घातली, दुसऱ्या वळणात दोघं भिडले, व्हेर्स्टापेन गरगरला आणि हॅमिल्टन जिंकला. ओकोंला १० सेकंद थांबून जाण्याची शिक्षा झाली. शर्यतीनंतर वजनाच्या जागी व्हेर्स्टापेननं त्याला ढकललं, म्हणून त्यालाही दोन दिवस सार्वजनिक सेवेची शिक्षा लागली. ओकोंचा ओलांडायचा हक्क मी मान्य करतो. बाजूला गेल्यावर समोरचा जागा सोडत नाही असं दिसलं की माघार त्याची होती.

हा नियम सगळीकडं असाच नाही. अमेरिकेत नॅसकारमध्ये पिवळी तिरपी पट्टी असलेला निळा झेंडा ही फक्त विनंती आहे. तिथं सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवत पुढं राहणारी गाडी, आली की एक फेरी मागं असलेल्यांतल्या पहिल्याला ती फेरी परत मिळते, हा नियम २००३ पासून. त्यामुळं एकाच फेरीनं मागं असणं याला तिथं किंमत आहे, माणूस त्यासाठी झगडणारच. ला मां २४ तास ही तर वेगळीच गोष्ट. तिथं वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावतात, हळू गाडीनं आपली लाइन धरायची आणि ओलांडण्याची जबाबदारी वेगवानाची. २०११ ला तिथं ऑडीच्या दोन गाड्या, पहिल्या तासात ॲलन मॅकनिशची आणि रात्री माईक रॉकेनफेलरची, हळू फेरारींना ओलांडतानाच चुरा झाल्या. दोघं चालत बाहेर आले हे नशीब. उरलेल्या एका ऑडीनं ती शर्यत सुमारे १४ सेकंदांनी जिंकली. नियम कोणताही असो, धडक होते ती समोरचा काय करणार हे मागच्याला कळलं नाही की.

सेफ्टी कारमागं मागच्यांना आपली फेरी परत घेऊ देतात, त्याचा घोळही सांगून ठेवतो. २०२१ च्या अबू धाबीला हॅमिल्टन आणि व्हेर्स्टापेन यांच्यामधल्या पाचच गाड्यांना पुढं जाऊ दिलं, बाकीच्यांना नाही. शेवटच्या एका फेरीत व्हेर्स्टापेन जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी नियमातले शब्द बदलून सगळ्याच मागच्या गाड्यांना सोडायचं असं केलं. त्या पाच जणांनी यात काहीच केलं नव्हतं. जे सांगितलं तेवढं त्यांनी केलं.

तुझ्यासाठी आता कामाचं. कोइम्बतूरला शर्यतीच्या आधी ड्रायव्हर ब्रीफिंग असतं, त्याला झोप काढू नकोस. तुझ्या वर्गात वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या एकत्र धावणार आहेत का ते विचार. असतील तर निळा झेंडा वेगळ्या वर्गाच्या गाडीसाठीही दाखवणार का, तेही विचार. सेफ्टी कार आली तर मागं पडलेल्यांचं काय करणार, हे त्या शर्यतीच्या जादा नियमांत लिहिलेलं असतं, ते वाचून घे, नाहीतर ब्रीफिंगमध्येच विचार. कोणत्या पोस्टवरून निळा झेंडा दाखवतात ते सरावाच्या फेरीतच नजरेत बसव. दोन पोस्टवर तोच झेंडा दिसला तर तिसऱ्याची वाट बघू नकोस, वाट देऊन मोकळा हो. तिसऱ्यानंतर आम्ही तुझा नंबर रेडिओवर कंट्रोलला सांगतो.